खळ्यातला प्रश्न

दिवाळी सरली की आमच्या आजीची एकच घाई असायची, खळं करायची. पावसाने धुऊन नेलेली अंगणातली माती आजोबा आणि काका कुदळीने उकरायचे, दगड वेचायचे, पाणी शिंपून ती चोपण्याने धोपटायचे. मग आजी आणि शेजारच्या दोन बायका शेणाने सारवायच्या. वर बांबूचा माटव चढायचा, त्यावर माडाची चुडतं. अंगणाचं खळं झालं की घर मोठं झाल्यासारखं वाटे. भात झोडायचं ते खळ्यात, लग्नाची पंगत खळ्यात, गाऱ्हाणं खळ्यात, आणि निवडणूक लागली की सभाही खळ्यातच.

आमचं गाव कुडाळ आणि मालवणच्या मधलं. आता तिथे ‘खळा बैठक’ हा शब्द पेपरांतही छापून येतो. सगळ्याच पक्षांचे पुढारी खळ्यात खुर्च्या मांडून बसतात, फोटो निघतात. पण मला कुतूहल आहे ते पहिल्या खळा बैठकीचं. ती कधी झाली, कोण आलं होतं, काय बोलणं झालं, हे मी लहानपणापासून इतक्या तोंडांनी ऐकलंय की त्याचा नीट इतिहास लावायचा म्हटलं तर एकेक कहाणी वेगळी निघते. तरी सगळ्या कहाण्यांच्या मध्ये एक प्रश्न तसाच आहे. तो माझ्या आजीने विचारला होता.

साल १९५७. नोव्हेंबर १९५६ मध्ये गुजरात आणि महाराष्ट्र एकत्र बांधून मोठं द्विभाषिक मुंबई राज्य झालं होतं आणि मराठी माणूस धुमसत होता. आजोबा तेव्हा परळला गिरणीत. गावच्या मंडळाच्या एका खोलीत वीस-पंचवीस जण पाळीपाळीने झोपत. एक पाळी कामावर गेली की दुसरी तिच्याच वळकटीवर पाठ टेकायची. १९५५च्या नोव्हेंबरात फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला तेव्हा त्या खोलीतले काही जण मोर्चात होते. निवडणूक लागली तशी मुंबईहून गावाकडे पोस्टकार्डं सुटली. आजोबांनी आजीला लिहिलेलं कार्ड काकांनी वाचून दाखवलं होतं. त्यात खुशाली दोन ओळींत आणि उरलेल्या कार्डभर झोपडीची शिफारस.

झोपडी म्हणजे प्रजा समाजवादी पक्षाची निशाणी. हा पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीत होता आणि राजापूर लोकसभा मतदारसंघातून त्याचे उमेदवार होते बॅरिस्टर नाथ पै. वेंगुर्ल्याचा मुलगा, विलायतेत कायदा शिकून आलेला, वय पस्तिशीच्याही आतलं. समोर काँग्रेसची बैलजोडी. त्या वेळच्या आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात पुरुषांपेक्षा बायका जास्त, कारण कर्ते पुरुष मुंबईत. म्हणजे मुंबईचं कार्ड येई खरं, पण मतदानाच्या दिवशी शाळेपर्यंत चालत जाऊन पेटीत कागद टाकणारा हात बहुतेक बाईचाच असे.

प्रचार कसा होता हे काका सांगायचे. मालवणहून एक सायकल, एक पत्र्याचा कर्णा, पिशवीत पत्रकं. चिऱ्याच्या भिंतीवर चुन्याने आणि गेरूने झोपडी काढायची. नदी आली की तरीतून पलीकडे, पुढे पायवाट. रात्र होईल तिथे वस्ती, मिळेल ती पेज. दशावतार असेल त्या रात्री फार बरं, कारण माणसं आधीच जमलेली असत. राजा सिंहासनावर बसण्याआधी कार्यकर्ता पाच मिनिटं मागून घ्यायचा आणि पेट्रोमॅक्सच्या उजेडात बोलायचा.

अशाच एका संध्याकाळी चार-पाच जण आमच्या खळ्यात आले. त्यांच्यात स्वतः नाथ पै होते की नव्हते, यावर आमच्या गावात अजून एकमत नाही. काका शपथेवर सांगत की बॅरिस्टर आले होते, मांडी घालून बसले होते आणि मालवणीत बोलले होते. शेजारच्या वाडीतले म्हातारे म्हणत, छे, ते तुमच्याकडे नाही, आमच्याकडे बसले होते. तिसऱ्या वाडीचं म्हणणं आणखी वेगळं. मी मोठा झाल्यावर आजूबाजूच्या गावांत चौकशी केली तर जवळजवळ प्रत्येक गावात एक खळं निघालं, जिथे नाथ पै बसले होते. एवढ्या खळ्यांत एक माणूस एका निवडणुकीत बसू शकेल का, याचा हिशेब मी पुढे सोडून दिला. तीन निवडणुका, १९५७, १९६२ आणि १९६७, या माणसाला लोकांनी निवडून दिलं. त्याला सगळ्यांनी आपापल्या खळ्यात बसवून घेतलं होतं. आठवण अशीच घरात वस्तीला येते.

आजीला मात्र कोण आलं होतं याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. ती दाराआड उभी होती. माझे वडील तेव्हा सात वर्षांचे, तिच्या लुगड्याचा पदर धरून. बाहेर भाषण चाललं होतं. मुंबई मिळाली पाहिजे, कसेल त्याची जमीन झाली पाहिजे. जमिनीची गोष्ट नुसती हवेतली नव्हती. खोती कायद्याने गेली त्याला जेमतेम सात वर्षं झालेली, आणि कुळकायद्याप्रमाणे १ एप्रिल १९५७ हा कुळांना जमिनीचे मालक मानण्याचा दिवस तोंडावर आलेला. खळ्यात बसलेल्या निम्म्या माणसांचं चित्त त्या तारखेवर होतं. भाषण संपलं, कुणाला काही विचारायचं आहे का असं कार्यकर्त्याने विचारलं. पुरुष गप्प. तेवढ्यात दाराआडून आजीचा आवाज आला,

“पावसात माझो घोव मुंबयसून कसो येतलो, तेवढां सांगा.”

काका म्हणायचे, खळ्यात एवढी शांतता झाली की माटवावर पाल चुकचुकलेली ऐकू आली.

हा प्रश्न का आला, हे आजीने मला आयुष्यात दोनदा सांगितलं. आदल्या वर्षीच्या श्रावणात तिचा धाकटा मुलगा, माझ्या वडिलांचा पाठचा भाऊ, तापाने गेला. तीन वर्षांचा होता. तार मालवणहून गेली. पण पावसाळ्यात समुद्र बंद. एरवी मुंबईहून आगबोट सुटे, बंदराबाहेर थांबे आणि पडावातून माणसं काठावर येत. जूनपासून ती वाट मिटायची. जुलै १९४७ मध्ये रेवसच्या वाटेवर ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली, त्याची धास्ती दहा वर्षांनंतरही किनाऱ्यावरच्या घराघरांत होती. उरली एसटी. आजोबा कोल्हापूरमार्गे निघाले, घाटात दरड आली, दोन दिवस तिथेच अडकले. घरी पोचले ते आठव्या दिवशी. तोवर सगळं आटोपलं होतं. आजोबांनी खळ्यात पाय ठेवला, पाऊस पडत होता, खळ्याची माती वाहून चालली होती. दोघं एकमेकांशी काही बोलले नाहीत. हे सांगताना आजी कधी रडली नाही. फक्त हाताने जमीन पुसत राहायची, सारवल्यासारखी.

म्हणून तो प्रश्न. तिला रेल्वे हवी होती असं नाही, रेल्वे तिने पाहिलीही नव्हती. तिला वाट हवी होती. कार्यकर्त्याने काय उत्तर दिलं ते तिला आठवत नव्हतं. त्याने वहीत लिहून घेतलं, एवढंच ती सांगायची. “लिवन घेतल्यान” हे शब्द ती असे म्हणायची, जसं कुणी देवापुढे नारळ ठेवल्याचं सांगावं.

मतदानाच्या दिवशी ती दोन कोस चालत शाळेत गेली. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, पेटीवर निशाणी चिकटवलेली. कागदावर शिक्का मारायची पद्धत नंतरची. आडोशाला गेल्यावर आजीने झोपडीच्या चित्रावरून बोट फिरवलं, कागद आत सारला आणि पेटी हलवून पाहिली, पडला की नाही. नाथ पै निवडून आले. पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसला हादरवलं आणि तीन वर्षांत, १ मे १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य झालं. आमच्या गावात पेढे वाटले ते मुंबईहून आलेल्या मनीऑर्डरीतून.

या कथेला दुसरी बाजू आहे आणि ती मी बऱ्याच उशिरा ऐकली. आमच्या गावच्या बौद्धवाडीतले एक आजोबा, आता हयात नाहीत, मला एकदा म्हणाले, “तुमच्या खळ्यातली सभा आम्ही गडग्याभायरसून आयकलेली.” गडगा म्हणजे दगडांची कुंपणभिंत. त्यांचे वडील आणि चुलते त्या भिंतीबाहेर उभे होते. १९५६च्या ऑक्टोबरात नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, डिसेंबरात त्यांचं महापरिनिर्वाण झालं, आणि दोन-तीन महिन्यांत ही निवडणूक. ज्या खोतीविरुद्ध बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडलं होतं, ती ज्यांच्या पाठीवर सर्वांत जड होती, ती माणसं सभेत भिंतीपलीकडे. त्या आजोबांच्या सांगण्यानुसार कार्यकर्त्यांपैकी एकजण सभा संपल्यावर गडगा ओलांडून त्यांच्या वाडीत गेला, तिथल्या अंगणात बसला आणि पाणी मागून प्यायला. हे आमच्या घरी मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आमच्या कथेत प्रश्न होता, त्यांच्या कथेत पाण्याचा तांब्या. दोन्ही कथा एकाच संध्याकाळच्या. आमच्या खळ्याचा अभिमान बाळगताना त्याला गडगा होता हेही मला सांगितलं पाहिजे, नाहीतर ही आठवण अर्धीच राहील.

जानेवारी १९७१ मध्ये बेळगावात नाथ पै अचानक गेले. वय अठ्ठेचाळीस. त्या दिवशी आमच्या बाजारातली दुकानं आपोआप बंद झाली असं वडील सांगतात. दोन महिन्यांत निवडणूक आली आणि त्यांच्या जागी उभे राहिले प्राध्यापक मधु दंडवते. मूळचे अहमदनगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे. घाटावरचा माणूस, मालवणी येत नाही, कोकणात नातं नाही. वडील तेव्हा एकवीस वर्षांचे. मताचा हक्क एकविसाव्या वर्षी, म्हणजे नुकताच मिळालेला. खळ्यात बैठक झाली. आजीने पुन्हा तोच प्रश्न विचारला, आता दाराआडून नव्हे, समोर बसून. रेल्वे हा शब्द तोवर सगळ्यांच्या तोंडी आला होता. अ. ब. वालावलकरांसारखे आमच्याच मुलखातले अभियंते वर्षानुवर्षं कोकणातून रेल्वे जाऊ शकते हे नकाशे आणि आकडे मांडून सांगत होते, मुंबईतली मंडळं ठराव करत होती. आजीच्या प्रश्नाला आता नाव मिळालं होतं.

दंडवते १९७१ पासून १९८९ पर्यंत पाच वेळा निवडून आले. आणीबाणीत ते तुरुंगात होते. १९७७च्या मार्चमध्ये जनता पक्षाची निशाणी आली, चक्रातला नांगरधारी शेतकरी. आजोबा सांगत, त्या वेळी सभेत झोळी फिरायची आणि माणसं मताबरोबर पैसेही द्यायची. गिरणीतल्या माणसाने खिशातली दोन रुपयांची नोट त्या झोळीत टाकली. घेणाऱ्याचं मत हातून जातं, देणाऱ्याचा हक्क राहतो, असं ते म्हणत. निवडणुकीत पैसा कुठून कुठे वाहतो, यावर मी ऐकलेलं सर्वांत नेमकं बोलणं हेच.

दंडवते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या डब्यातली लाकडी फळकुटं जाऊन मऊ बाकं आली ती त्यांच्या काळात. कोकणची रेल्वे मात्र इंचाइंचाने पुढे सरकली. रोह्यापर्यंत रूळ पोचायला १९८६ उजाडलं. तोवर आजोबा गावी परत आले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्यासारखे कितीतरी जण वळकटी घेऊन कोकणात उतरले. ज्या माणसाने पावसात घरी यावं म्हणून आजीने पंचवीस वर्षं प्रश्न धरून ठेवला होता, तो कायमचा घरी आला, तेव्हा रेल्वे नव्हतीच.

१९८९च्या डिसेंबरात केंद्रात सरकार बदललं. दंडवते अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. केंद्राचा वाटा निम्म्याहून किंचित अधिक, बाकीचा महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळ या चार राज्यांचा, उरलेला पैसा लोकांकडून रोख्यांतून. ई. श्रीधरन यांच्याकडे सूत्रं आली. आमच्या भागात मोजणीचे खांब रोवले गेले.

आणि १९९१च्या जूनमध्ये निवडणूक झाली.

मी एकोणीस वर्षांचा होतो. मताचं वय दोन वर्षांपूर्वीच अठरावर आलं होतं, माझं हे पहिलं मत. त्या वर्षी आमच्या एका घरात तीन पक्ष होते. आजोबा आणि आजी दंडवत्यांचे, वडील एकाचे, मी तिसऱ्याचा. मला मोठे कर्णे आवडत होते, मोटारसायकलींची रांग आवडत होती. घोषणा देताना छाती भरून येई. वीस वर्षं तोच माणूस आणि तोच प्रश्न, याचा मला कंटाळा आला होता. मी मत देऊन आलो. पहिला पाऊस पडून गेलेला, खळं चिखलात गेलेलं. आजी पडवीत तांदूळ निवडत होती.

“मत कोणाक घातलंस?”

मी सांगितलं. ती काही बोलली नाही. सुपातले खडे वेचत राहिली. थोड्या वेळाने एवढंच म्हणाली, “बरां.”

दंडवते हरले. ज्या मतदारसंघासाठी त्यांनी वीस वर्षं रेल्वे मागितली, तिथे तिचं काम सुरू होत असतानाच. हार अनेक कारणांनी झाली असेल, पण त्यात माझंही एक मत होतं, आणि ते मी विचार न करता दिलं होतं. दुसऱ्याला मत दिलं याचा मला खेद नाही, कुणीही कुणाला द्यावं. खेद याचा की मी त्या दिवशी आजीचा प्रश्न हातात न घेताच शाळेत गेलो. मी कुणालाही काही विचारलं नव्हतं. माझ्या आवडत्या उमेदवारालाही नाही.

आजोबा १९९४ मध्ये गेले. २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा सगळा मार्ग सुरू झाला. सात-साडेसातशे किलोमीटर, नव्वदच्या वर बोगदे, दोन हजारांच्या आसपास लहानमोठे पूल. आजीला त्याच वर्षी जुलैत मी मुंबईला नेलं. मुद्दाम जुलैत. कुडाळ स्थानकावर धो धो पाऊस होता. डब्यात चढल्यावर ती बाकावर बसली, हाताने बाक दाबून पाहिलं आणि म्हणाली, “ह्यां फळकूट न्हय, बसूक मऊ आसा.” कुणामुळे ते तिला माहीत होतं, मी सांगायची गरज नव्हती. मग ती खिडकीशी बसून नद्या ओळखत राहिली. गड नदी आली तेव्हा म्हणाली, हिच्या तरीत मी एकदा पडले होते. चिपळूणजवळ वाशिष्ठी आली, तिची तिला माहिती नव्हती, मला नाव विचारून घेतलं. बोगद्यात शिरताना प्रत्येक वेळी हात जोडायची. संध्याकाळ झाली, पाऊस चालूच होता. एकाएकी म्हणाली, “ह्याच वाटेन तो इलो असतो.” तो म्हणजे आजोबा. बेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या श्रावणातले. एवढं बोलून तिने बाकावरून हात फिरवला, जमीन सारवल्यासारखा.

त्या प्रवासात मला कळलं की निवडणुकीचं काम मतपेटीपाशी संपत नाही. आजीचा प्रश्न १९५७ मध्ये एका वहीत गेला. त्या वहीचं काय झालं कुणास ठाऊक. पण प्रश्न आजीनेही सोडला नाही, मुंबईच्या मंडळांनी सोडला नाही, नकाशे काढणाऱ्यांनी सोडला नाही आणि निवडून गेलेल्या दोन माणसांनी सोडला नाही. नाथ पै गेले, दंडवते हरले, आजोबा गेले, पक्षांच्या निशाण्या बदलल्या, झोपडी गेली, बैलजोडीही गेली. प्रश्न एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिला म्हणून गाडी आली.

आजी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. परवा पुन्हा गावी निवडणुकीची हवा होती. आमच्या खळ्याला मी अजून लादी बसवलेली नाही. खळं केलं होतं. या वेळी गडग्याचे वरचे दगड काढून बौद्धवाडीकडे जाणारी वाट रुंद केली, ती दोन्ही वाड्यांच्या पोरांनी मिळून. संध्याकाळी प्रचाराला मुलं आली. चांगली होती, घामेजलेली, तहानलेली. त्यांनी पत्रक दिलं, त्यात पुष्कळ काही होतं. शाळा पट कमी म्हणून बंद पडू नये, आंब्याला भाव मिळावा, तरुणांना इथेच काम मिळावं. सगळं खरंच हवं असलेलं.

मग त्यातल्या एका मुलाने विचारलं, कुणाला काही विचारायचं आहे का?

पुरुष गप्प होतो. बौद्धवाडीतली एक सून, गेल्या पावसात जिच्या सासऱ्याला छातीत कळ आली होती, पुढे आली. आमच्या भागात मोठं दुखणं झालं की माणूस आजही गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळाकडे धावतो. ती खळ्याच्या मध्यावर उभी राहिली आणि म्हणाली,

“राती दुखणां इलां तर बांबोळीक कशी पोचतलंय, तेवढां सांगा.”

मुलं एकमेकांकडे बघू लागली. माझ्या अंगावर काटा आला. ‘तेवढां सांगा.’ शब्द तेच होते. तिने माझ्या आजीला कधी पाहिलंही नव्हतं.

मी घरात गेलो, नातवंडांची वही फाडून एक कोरं पान आणलं आणि त्या मुलाच्या हातात पेन दिलं. त्याने प्रश्न लिहून घेतला. मग मी दुसरं पान काढून तोच प्रश्न, तोच मजकूर, तारीख घालून माझ्यासाठीही लिहिला आणि त्या सुनेला वाचून दाखवला. या वेळी वही आमच्याकडेही असणार आहे.